हाकललेला कायोटी परत परत येतो तेव्हा: फिनिक्स परिसरातल्या घरांसाठी

कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखा दिसणारा, कुत्र्याच्या कुळातला इथला रानटी प्राणी, अंगणात येतो, आपण ओरडतो, तो जातो. चार दिवस शांततेत जातात आणि पुन्हा एका पहाटे तो त्याच कोपऱ्यात उभा असतो. चँडलर, गिल्बर्ट, अवाटुकी, उत्तर स्कॉट्सडेल, पिओरिया, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स परिसरात कुठल्याही वस्तीतल्या मराठी माणसाला विचारा, ही तक्रार ऐकायला मिळेल. आणि बहुतेक घरांत तिच्यावर एकच उपाय चाललेला असतो: हाकलणं. हाकलायला हवंच, त्याची रीतही पुढे दिली आहे. पण जनावर परत येतं याचा सरळ अर्थ असा की त्याला इथे काहीतरी मिळतंय. ते काय, हे शोधून बंद केल्याशिवाय हाकलण्याचा परिणाम टिकत नाही.

त्याआधी एक गैरसमज. "आपणच त्याच्या रानात घरं बांधली, तो बिचारा कुठे जाणार?" असं आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. भावना चांगली आहे, पण कायोटी शहरात अडकून पडलेला नाही, त्याला शहर मानवलं आहे. उघड्या सोनोरन वाळवंटात जून महिन्यात पाणी शोधत फिरावं लागतं. इथे गोल्फ कोर्स आहेत, कालवे आहेत, तळी आहेत, झाडांच्या बुडाशी ड्रिपचं पाणी आहे. हिरवळ आहे म्हणून ससे आहेत, आणि ससे आहेत म्हणून कायोटी. शिकागो परिसरात स्टॅन्ली गेर्ट आणि त्यांचे सहकारी २००० सालापासून कायोटींना रेडिओ कॉलर लावून अभ्यास करताहेत. भर महानगरातसुद्धा ही जनावरं बहुतेकांच्या नजरेस न पडता पिढ्यान्‌पिढ्या राहतात, हे त्या कामातून दिसलं आहे. तेव्हा तुमच्या वस्तीत कायोटी असणं हा काही बिघाड नव्हे. तो तुमच्याच अंगणात रोज येऊ लागला, माणूस दिसला तरी हलेनासा झाला, तर तो बिघाड. दुरुस्ती त्याची करायची आहे.

नक्की कायोटीच आहे ना?

रात्री कॅमेऱ्यात दिसलेली प्रत्येक सावली कायोटीची नसते. कुंड्या उलथून पडल्या असतील, निवडुंगाची पानं चावून टाकलेली असतील, तर ते हॅवेलिनांचं काम, आपण त्यांना रानडुकरं म्हणतो ते. भिंतीच्या कडेवरून मांजरासारखं सावकाश चालत गेलेलं, आखूड शेपटीचं जनावर म्हणजे बॉबकॅट. कायोटी सडपातळ, लांब पायांचा, शेपूट खाली सोडून चालणारा. वजन साधारण दहा-बारा किलो, पण हिवाळ्यातल्या दाट केसांमुळे दुप्पट वाटतो. आपल्या खाडीकाठच्या कोल्ह्यापेक्षा थोडा उंच.

खडीच्या अंगणात ठसे उमटत नाहीत. म्हणून भिंतीलगत किंवा गेटखाली हातभर जागेत बारीक माती पसरून ठेवा आणि सकाळी पाहा. कायोटीचा ठसा लांबट असतो, पुढची दोन नखं जवळजवळ आणि सरळ पुढे रोखलेली, आणि पावलं एका रेषेत पडतात. पाळीव कुत्र्याचा ठसा गोलसर, बोटं फाकलेली, आणि चाल इकडे-तिकडे भरकटलेली. कायोटी उगाच रेंगाळत नाही, ठरवलेल्या ठिकाणी सरळ जातो. ठसे कुठून आले आणि कुठल्या दिशेला गेले एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं काम विष्ठा करते. किळस वाटेल, पण एवढा बोलका पुरावा दुसरा नाही. हात लावू नका, काडीने उलगडून पाहा. दोरीसारखी पिळलेली, टोकाला निमुळती, आत सशाचे केस आणि हाडांचे बारीक तुकडे असतील तर तो शिकारीवर जगतोय. जून-जुलैत मेस्किटच्या शेंगांच्या बिया सापडतात. मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्याच कुळातलं झाड. ऑगस्ट-सप्टेंबरात निवडुंगाची बोंडं पिकली की विष्ठा जांभळट लाल होते. खजुराच्या बिया दिसल्या तर गल्लीतल्या पाम झाडांखाली जाऊन पाहा. आणि केस नाहीत, बिया नाहीत, नुसती पाळीव कुत्र्यासारखी विष्ठा असेल, तर आसपास कुणीतरी तयार खाणं बाहेर ठेवतंय असा संशय घ्यायला जागा आहे.

अंगण काय देतंय?

आपल्या घरांपुरतं बोलायचं तर पहिला संशयित म्हणजे पक्ष्यांचे दाणे. सकाळी मूठभर ज्वारी-तांदूळ टाकणं ही आपली सवय आहे, तिच्यामागे श्रद्धा आहे, आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांचा सकाळचा तो आनंदाचा वेळ असतो. पण दाणे जमिनीवर पडले की पाखरांपाठोपाठ लावे येतात, ससे येतात, रात्री उंदीर येतात. कायोटी दाण्यांसाठी येत नाही, या सगळ्यांसाठी येतो. दाणे घालायचेच असतील तर टांगलेल्या, खाली थाळी असलेल्या फीडरमध्ये घाला, सकाळी दोन तासांत संपतील इतकेच घाला, आणि खाली सांडलेले संध्याकाळच्या आत झाडून घ्या. कायोटी रोज येऊ लागला असेल तर महिनाभर फीडर उतरवून ठेवा. पक्षी उपाशी राहत नाहीत.

शिळी पोळी, उरलेला भात, साय खरवडलेलं पातेलं हे सगळं "कुणाच्या तरी मुखी लागेल" म्हणून मागच्या भिंतीपाशी ठेवणं मात्र पूर्ण बंद करा. इथे तो कायद्याचाही प्रश्न आहे. मॅरिकोपा, पिमा आणि पिनाल काउंटीत वन्यप्राण्यांना खाऊ घालणं अ‍ॅरिझोनाच्या कायद्याने गुन्हा आहे. पक्षी आणि झाडावरच्या खारी तेवढ्या त्यातून वगळल्या आहेत. पितृपक्षात कावळ्याचं पान ठेवायचं असेल तर उंचावर ठेवा आणि तिथेच थांबा. फिनिक्समध्ये कावळा सहसा येत नाही, लांब शेपटीचे काळे ग्रॅकल येतात आणि पाच मिनिटांत पान साफ करतात. उरलेलं लगेच आत न्या. रात्रभर बाहेर राहिलेलं पान कुणाच्या पोटात जातं हे सांगायला नको. त्यातून पितृपक्ष पडतो भाद्रपदात, आणि त्याच सुमाराला कायोटीची त्या वर्षीची पिल्लं आईबापांपासून सुटी होऊन नवी जागा शोधायला निघतात. अशा अननुभवी जनावराला सहज मिळालेलं खाणं पक्कं लक्षात राहतं.

फळझाडांकडे आपलं दुर्लक्ष होतं. संत्री, लिंबं, ग्रेपफ्रूट झाडाखाली पडून राहतात आणि त्यावर उंदीर पोसले जातात. पडलेलं फळ रोज उचला, हंगाम संपताना झाड पूर्ण उतरवा. खजुराचे घड पिकायच्या आधी कापून घेता येतात, माळी ते पामच्या वार्षिक छाटणीबरोबरच करून देतो. मेस्किटच्या शेंगा जूनमध्ये ढिगाने पडतात, त्या आठवड्यातून दोनदा गोळा केल्या तरी पुरे. उंदरांसाठी विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर घुबड खातं, ससाणा खातो, बॉबकॅट खातो, आणि ते विष त्यांच्या अंगात उतरतं. म्हणजे फुकटात उंदीर मारणारेच आपण संपवतो. सापळे लावा, गराजच्या दारातली फट बुजवा.

कुत्र्याचं खाणं-पाणी घरात. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पॅटिओवर पाण्याचं भांडं राहतंच, आणि मे-जूनमध्ये ते पाणीच मुख्य आकर्षण असतं. ड्रिपची नळी फुटून एखाद्या झाडाखाली कायम ओल असेल तर ती दुरुस्त करा. ओल्या कचऱ्याचा उघडा ढीग करू नका, झाकणाचं कंपोस्टर वापरा आणि त्यात खरकटं, तूप-तेल, मासळीचे काटे घालू नका. कचऱ्याचा डबा आदल्या रात्री रस्त्यावर नेण्याऐवजी सकाळी न्या.

शेवटी आडोसा. व्हॅलीतल्या, म्हणजे फिनिक्स परिसरातल्या, जुन्या वस्त्यांत कण्हेरीचं दाट कुंपण असतं, बुंध्यापासून फांद्या जमिनीला टेकलेल्या. नव्या वस्त्यांत घाणेरीची रानं माजलेली असतात. दिवसाच्या उन्हात कायोटीला पडून राहायला याहून थंड जागा नाही. खालच्या दोन फुटांतल्या फांद्या छाटून टाका, म्हणजे आरपार दिसेल. आरपार दिसतं तिथे तो थांबत नाही. कण्हेर विषारी आहे, छाटलेल्या फांद्या जाळू नका आणि कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका.

भिंत आहे, तरी आत कसा येतो?

सहा फुटांची ब्लॉकची भिंत कायोटीला अडवते असं आपण धरून चालतो. तो ती एका उडीत पार करत नाही. उडी मारून पुढचे पाय कडेवर अडकवतो, मागच्या पायांनी भिंतीला रेटा देतो आणि वर येतो. त्याला वर पकड मिळू न देणं हाच खरा उपाय. भिंतीच्या कडेवर बसवायचे फिरते रूळ मिळतात, पाय ठेवला की रूळ फिरतो आणि जनावर बाहेरच्या बाजूला घसरतं. मोठ्या व्यासाचा पाइप लहान पाइपावर सैल बसवून, आतून तार ओवून घरीही करता येतो. बसवण्याआधी एचओएची, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेची, परवानगी घ्या, कारण भिंतीचं बाहेरून दिसणारं रूप बदलतं.

रुळांवर पैसे घालण्यापूर्वी भिंतीच्या बाहेरून एक फेरी मारा. शोभेचे दगड, विजेची पेटी, शेजाऱ्याचा कचऱ्याचा डबा, मातीचा उंच झालेला ढीग, यातलं काहीही पायरीचं काम करतं. बाहेर माती दीड फूट चढली असेल तर सहा फुटांची भिंत प्रत्यक्षात साडेचार फुटांची असते.

वॉशच्या कडेला घर असेल तर मागे बहुधा लोखंडी सळ्यांचं कुंपण असतं, देखावा दिसावा म्हणून. वॉश म्हणजे पावसात तेवढे वाहणारे कोरडे ओढे, आणि कायोटींचे ते हमरस्ते. सळ्यांच्या फटींतून ससे सहज येतात-जातात आणि बारीक चणीचा तरुण कायोटीसुद्धा घुसू शकतो. खालच्या तीन फुटांना बारीक जाळी लावा, ती जमिनीखाली फूटभर पुरा, किंवा बाहेरच्या बाजूला आडवी वळवून वर दगड रचा. उकरायला आलेल्या जनावराच्या पायाखाली जाळीच येते. बाजूच्या गेटखालची फट मात्र प्रत्येक घरात तपासा. भिंतीवर हजारो डॉलर घातलेल्या घरांतही गेट आणि काँक्रीट यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा मी पाहिली आहे, आणि त्या जागेतली माती येण्याजाण्याने गुळगुळीत झालेली होती.

हाकलायचं कसं?

खिडकीच्या काचेआडून टाळ्या वाजवणं म्हणजे हाकलणं नव्हे. आवाज कुठून आला हे त्याला कळत नाही, आणि माणसाशी त्याचा संबंध तो जोडत नाही. बाहेर या, त्याला दिसा. हात वर करून अंग मोठं करा, नजर त्याच्यावर ठेवा, खड्या आवाजात ओरडा, दोन पावलं पुढे टाका. पत्र्याच्या डब्यात नाणी किंवा खडे घालून तो डबा दाराशी ठेवा, जोरात हलवा. बागेच्या पाइपाने पाण्याचा फवारा मारा. लहान खडे त्याच्या दिशेने फेका, जखमी करायचा हेतू नाही.

यात सगळ्यात जास्त बिघडतं ते शेवटी. कायोटी दहा-पंधरा पावलं जातो, वळून पाहतो, आणि आपण "गेला" म्हणून आत येतो. त्याने वळून पाहिलं तेव्हाच खरा सौदा चाललेला असतो. तो नजरेआड होईपर्यंत थांबू नका. मध्येच थांबलात तर थोडं सरकून उभं राहिलं की माणूस गप्प होतो, एवढंच तो शिकतो. घरातल्या सगळ्यांनी तसंच करायला हवं. एक ओरडतो आणि दुसरा फोन काढून व्हिडिओ करतो, तर त्याला काय समजायचं? आपोआप लागणारे दिवे, रात्रभर लावलेला रेडिओ यांची त्याला थोड्याच दिवसांत सवय होते. त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

हाकलताना त्याला निघायला वाट मोकळी असू द्या. कोपऱ्यात कोंडलेलं, आजारी किंवा जखमी जनावर हाकलायचं नाही. खरूज झालेला कायोटी केस गळालेला, दिवसाढवळ्या सुस्त पडलेला दिसतो, तेव्हा लांब राहून फोन करायचा (कुणाला, ते शेवटी दिलं आहे).

वसंतातला अपवाद

कायोटींचा जोडा जानेवारी-फेब्रुवारीत जमतो, साधारण दोन महिन्यांनी पिल्लं होतात, आणि मार्च ते जून या काळात त्यांचं वागणं बदलतं. या दिवसांत "आज कायोटी माझ्या मागे मागे आला" असं फिरायला गेलेले लोक घाबरून सांगतात. कुत्रा बरोबर असेल तर हमखास. तो शिकार करायला येत नसतो. जवळ कुठेतरी बीळ असतं आणि तो तुम्हाला हद्दीबाहेर सोडायला येत असतो, ठरावीक अंतर ठेवून. इथे आरडाओरडा, दगडफेक करायची नाही, कारण तो पिल्लं सोडून पळणार नाही. लहान कुत्रा उचलून घ्या, मोठ्याची दोरी आखडा, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे मागे या. पळू नका, पाठ फिरवू नका. पुढचे काही आठवडे तो रस्ता सोडून द्या. पिल्लांचं पोट भरायचं असतं म्हणून या महिन्यांत कायोटी दिवसाही दिसतो. दिवसा दिसला म्हणजे पिसाळला, असं नाही.

कुत्रं, मांजर, मुलं आणि आजी-आजोबा

उन्हाळ्यात आपली आणि त्याची वेळ एकच होते. जूनमध्ये तापलेल्या डांबरावर कुत्र्याचे पाय भाजतात, म्हणून आपण उजाडायच्या आधी, पाचच्या सुमाराला बाहेर पडतो. तो तेव्हाच शिकार उरकून वॉशकडे परतत असतो. वेळ बदलणं शक्य नसेल तर वॉशच्या कडेचा रस्ता टाळून दिव्याखालचा रस्ता घ्या. दोरी सहा फुटांची, न ताणली जाणारी. लांब सुटणाऱ्या दोरीच्या टोकाला असलेलं पाच किलोचं कुत्रं तुमच्या बरोबर आहे असं कायोटीला वाटत नाही. रात्री शूसाठी अंगणात सोडतानाही तुम्ही बरोबर जा, आधी दिवा लावा, अंगणावर नजर फिरवा. डॉगी डोअर, म्हणजे कुत्र्याला येण्याजाण्यासाठी दारात केलेली झडप, रात्री बंद. मांजर घरातच ठेवा. बाहेर फिरणाऱ्या मांजराला यातून वाचवेल असा दुसरा उपाय माझ्या माहितीत नाही.

माणसांवरचे हल्ले दुर्मीळ आहेत. उत्तर अमेरिकेत कायोटींनी माणूस मारल्याच्या नोंदलेल्या घटना दोन, १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलमध्ये एक लहान मुलगी आणि २००९ साली कॅनडातल्या केप ब्रेटनमध्ये एक तरुणी. चावे त्याहून जास्त होतात, आणि त्यांच्यामागे पुष्कळदा कुणीतरी खाऊ घालून जनावराची भीती घालवलेली असते. तरी अंधार पडताना तान्ह्या-लहान मुलांना अंगणात एकटं सोडू नका. भारतातून आलेल्या आई-बाबांना पहिल्याच दिवशी नीट सांगा: हे आपल्या गल्लीतलं कुत्रं नव्हे, बिस्किट टाकायचं नाही, पाठ फिरवून धावायचं नाही. हातात काठी असतेच, ती आपटा आणि मोठ्याने ओरडा. गळ्यात शिट्टी अडकवून दिलीत तर उत्तम.

"पकडून लांब सोडत का नाहीत?"

एचओएच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो, आणि मराठी माणसाने इथे जुन्नरची गोष्ट सांगावी. २००१ नंतर जुन्नर भागातले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले, आणि माणसांवरचे हल्ले वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अभ्यासून मांडलं आहे. हद्द असलेलं जनावर उचललं की त्याची जागा रिकामी राहत नाही. कायोटीच्या बाबतीत तर जवळच्या कुटुंबातलं तरुण जनावर ती जागा लवकरच घेतं, आणि ते माणसांना अजून ओळखतही नसतं. खाणं-पाणी तसंच असेल तर चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू. माणसाला बिचकणारी, नीट वागणारी जोडी तुमच्या वॉशमध्ये राहत असेल तर ती राहू देणं फायद्याचं आहे. ती इतर कायोटींना येऊ देत नाही, आणि उंदीर-ससे आवाक्यात ठेवते. शहराच्या हद्दीत बंदूक चालवणं हा गुन्हा आहे, हेही बैठकीत एकदा स्पष्ट बोलून टाका.

गल्लीतलं एकच घर पुरेसं होतं

आमच्या गल्लीत सगळ्यांनी डबे झाकले, फळं उचलली, तरी कायोटी यायचा थांबेना. कॅमेऱ्यांतल्या वेळा एकत्र लिहून पाहिल्या तेव्हा कळलं की तो दर वेळी एकाच घराच्या पोर्चपासून फिरायला लागतो. तिथल्या आजी भटक्या मांजरांसाठी संध्याकाळी खाणं ठेवायच्या आणि वाटी रात्रभर तशीच असायची. त्यांना कायदा ऐकवायला कुणी गेलं नाही. शेजारची बाई कॉफी घेऊन गेली, कॅमेऱ्यातली चित्रं दाखवली, त्यातल्या एका चित्रात कायोटी वाटी चाटत होता आणि मांजर वर खिडकीच्या कडेवर अंग चोरून बसलं होतं. त्यांनी वेळ दुपारवर आणली, मांजर खाऊन झालं की वाटी आत. त्यानंतरही कायोटी काही आठवडे पोर्च हुंगून जायचा. जुनं ठिकाण तो लगेच सोडत नाही, त्यामुळे उपाय फसला असं चार दिवसांत ठरवू नका.

फोन कधी करायचा?

कायोटी दिसला, रात्री ओरडला, एवढ्यासाठी नको. दोन कायोटी ओरडले तरी दहा असल्यासारखं वाटतं, आणि ॲम्ब्युलन्सच्या सायरनलाही ते साद देतात. पण हाकलूनही तो हलत नसेल, दोरीला बांधलेल्या कुत्र्यावर भरदिवसा चाल करत असेल, खेळणाऱ्या मुलांभोवती घुटमळत असेल, तोल जात चालत असेल, तर अ‍ॅरिझोना गेम अँड फिश विभागाला, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याला, लगेच कळवा. चाल करून अंगावर आला किंवा चावला तर ९११ या आणीबाणीच्या नंबरवर फोन करा. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा, रेबीजची लस टाळू नका. अ‍ॅरिझोनात रेबीज मुख्यतः वटवाघळं, स्कंक आणि कोल्ह्यांत सापडतो, पण कायोटीलाही होऊ शकतो. कुत्र्याला चावा बसला असेल तर त्याची लस झालेली असली तरी पशुवैद्याकडे न्या.

फोनवर तारीख, वेळ, नेमकी जागा, जनावर कुठल्या दिशेने गेलं, कुत्रा बरोबर होता का, आसपास खाणं होतं का आणि तुम्ही काय केल्यावर त्याने काय केलं, एवढं सांगा. शेवटचा मुद्दा वगळू नका, कारण जनावर बिचकतं की नाही हे अधिकाऱ्यांना त्यावरूनच ठरवता येतं.